मोजणी शून्यापासून

पुन्ता अरेनासच्या इस्पितळात, तळघरात,
मंगळवारी पहाटे तीन वाजून दहा मिनिटांनी
सात नंबरची डिस्क गेली.
गेली ती मुकाट.
बोंब मारली कंट्रोलरनं,
एकसुरी, दर दोन सेकंदांनी,
शेजारच्या बंद घरात गजर वाजत राहावा तशी.

नेलिदा ओयार्सो आली ती झोपेतल्याच स्वेटरवर, केसांत वारा.
आधी तिनं बोंब बंद केली. मग खुर्ची ओढली.
बारांतल्या अकरा चालू होत्या.
राखीव डिस्क मे महिन्यातच कामी आलेली,
आणि नवी मागवायचा कागद
कुणाच्या तरी टेबलावर सहीवाचून पडलेला.

आता वरून डॉक्टरनं एखादा एक्स-रे मागितला
की अकरा जणींनी आपापला तुकडा पुढे करायचा,
जपलेल्या बेरजेतून बाकीचं वजा करायचं,
आणि जे उरेल ते गेलेलीचं.
दर वेळी. नव्यानं.

“आणखी एक गेली तर?” मिर्कोनं विचारलं.
नोकरीला त्याला नऊ दिवस झाले होते.
“एकाच खोक्यातून आल्यात सगळ्या,” नेलिदा म्हणाली,
“एकाच वयाच्या.”
टेपवरची प्रत निघाली फेब्रुवारीपर्यंतची.
त्यानंतरची फुप्फुसं, कवट्या,
एका खेकडेवाल्याचा चिरडलेला अंगठा,
सगळं यांच्या भरवशावर.
नवी प्रत काढायची तर सगळ्यांना पळवावं लागेल,
आणि पळताना कोण पडेल, सांगता येत नाही.

सान्तियागोहून डिस्क निघाली.
करारात चोवीस तास लिहिले होते,
वारा लिहिलेला नव्हता.
विमान दोनदा धावपट्टीपर्यंत येऊन माघारी फिरलं.
रस्त्याच्या कोपऱ्यांवर माणसं दोर धरून चालत होती.

गुरुवारी संध्याकाळी खोकं आलं, एका कोपऱ्यात चेपलेलं.
“तूच काढ,” ती मिर्कोला म्हणाली.
त्यानं ओठ हलवत बोटानं मोजलं,
एक, दोन, तीन...
सातव्या खणाशी थांबला, खटक्यावर अंगठा ठेवला.

तिनं मनगट धरलं,
इतकं घट्ट की घड्याळाचा पट्टा रुतला.
“शून्यापासून. इथं पहिली शून्य असते.”
दोघं तशीच उभी.
खणांचे लाल दिवे कधीच मेलेले,
सांगायला दुसरं कुणी नव्हतं.

मग रात्रभर टक्के.
चार. अकरा. अकरा. अजून अकराच.
सकाळी ओपीडी सुरू झाली तसा वेग आणखी मंदावला.
तिसऱ्या मजल्यावरून फोन: चित्रं उशिरा उघडतात.
“उघडतात ना?” म्हणाली, आणि ठेवला.

शंभर झाले तेव्हा मिर्को पाव खात होता.

जुनी डिस्क बाहेर जाऊ द्यायची नाही, असा नियम;
लोकांची हाडं आहेत तिच्यात.
ड्रिलनं तीन भोकं पाडायची.
नेलिदानं ती तळहातावर तोलून पाहिली.
नवीपेक्षा जड वाटली. नव्हती.

तोवर मिर्को पांढरी चिकटपट्टी घेऊन
उजवीकडून आकडे लिहीत आला होता,
आणि अगदी डावीकडच्या खणावर
त्यानं एक गोल काढला,
जरा मोठाच,
पेन दोनदा फिरवून.