अकरा मिनिटं

कॅमेरा नंबर सतरा आम्ही सालाच्या बुंध्याला बांधला,
गुडघ्याच्या वीतभर वर.
तिथे वाघाचा खांदा येतो, असं ट्रेनिंगमध्ये सांगितलं होतं.
माणसाचं तिथे काय येतं, ते कुणी सांगितलं नाही.

दर पंधरा दिवसांनी मी आणि लाहानू
सायकली गेरुवाच्या काठाला टाकून आत जातो.
तो काठीनं खोडं वाजवत पुढे,
मी मागे, कार्डं बदलत,
बॅटरीच्या डबीत शिरलेल्या मुंग्या फुंकत.
संध्याकाळी वनसमितीच्या पत्र्याखाली
पंधरा दिवसांचं जंगल बोटानं सरकवायचं.
वारा. वारा. मोर. वारा.
चितळाचं ढुंगण.
रानडुकरं, अख्खं कुटुंब, लग्नाला निघाल्यासारखं.
वारा.

मग पाच वाजून बारा मिनिटांनी
दोन पोटऱ्या.
नुसत्या पोटऱ्या, आणि वाटेवर पडलेली भाऱ्याची सावली.
डावीवर मोर गोंदलेला.
त्या मोराची शेपटी जिथे भाजून पुसट झालीय
ती जागा मला लहानपणापासून पाठ आहे.
मंगरी काकी.
गवत बंद असलेल्या महिन्यात, बंद असलेल्या पट्ट्यात.

पाच तेवीसला वाघ.
तीच वाट, तीच दिशा,
मान खाली, डोक्यावर ओझं नाही.

लाहानू रिकाम्या थर्मासमधून चहा ओतायला उठला.

माणूस दिसला तर नोंदवायचा, हा नियम आमचाच.
त्याच्याखाली काकीचाही अंगठा आहे.
ती समितीत आहे ‘बाधित कुटुंब’ या रकान्यातून.
खुसीराम काका गेले त्याला सहा पावसाळे झाले.
अर्जाला त्यांचा फोटो लागत होता
आणि फोटो कुणी काढलाच नव्हता.
नेपाळगंजच्या स्टुडिओवाल्यानं नागरिकतेच्या कार्डावरून
नखाएवढा चेहरा मोठा करून दिला,
तो आता कुणाचाच वाटत नाही.
भरपाई आली. तिच्यातून जाळीचा गोठा झाला.
मग काकीनंच गावभर दाखवलं
तार कशी पिळायची, म्हणजे पंजा आत जात नाही.

माझं बोट डिलीटवर होतं.
खोटं कशाला सांगू, बराच वेळ होतं.
पण काकीला पुसलं की उरतो
एकटा वाघ, पोस्टरवर असतो तसा,
आणि ती अकरा मिनिटं कुठेच राहत नाहीत.

लॅपटॉप ओढणीत गुंडाळून मी तिच्या अंगणात गेले.
ती घोंघ्यांची टोकं फोडत बसली होती.
आधी स्वतःला पाहिलं.
“एवढे वाळले माझे पाय?”
मग त्याला. हात थांबला.
“वाघ म्हटलं तरी खातो, वाघोबा म्हटलं तरी...”
पुढचं तिनं म्हटलं नाही.

“किती वेळानं आला?”
“अकरा मिनिटं.”
“पुढे ओढ्यापाशी मी भारा टेकून बसले होते.
पाठ धरली होती. चांगली अर्धा तास बसले होते.”
चुलीत ओलं लाकूड फुसफुसत होतं.
“म्हणजे तो थांबला असणार,” ती म्हणाली,
“माझ्या पाठीकडे बघत.”

“काकी, कशाला गेलीस?”
“पुदिना लावा म्हणालात, हरणं तोंड लावत नाहीत म्हणून.
लावला. हरणं लावत नाहीत.
म्हैसही लावत नाही.”

यावर माझ्याजवळ ट्रेनिंगमधलं काही नव्हतं.

“लिही माझं नाव,” ती म्हणाली. “दंड भरीन, नाहीतर
पलीकडच्या टोल्यात दोन गोठ्यांची जाळी बांधून देईन.
पण बैठकीत गवताचा दिवस मागणार आहे मी,
सगळ्यांनी मिळून जायचा, ढोल घेऊन.
तेव्हा हा फोटो काढायचा. दोन्ही. शेजारी शेजारी.”

वहीत रकाने आहेत: तारीख, वेळ, प्राणी, माणूस, शेरा.
मधल्या वेळेसाठी रकाना नाही.
मी समासात लिहिलं,
आडवं, लहान अक्षरात, दोघांच्या मधोमध.
काकीनं विचारलं, काय लिहिलंस?
वाचून दाखवलं.
तिनं मान हलवली आणि पुढची घोंघी उचलली.