इश्यूला एस लागत नाही

कोपरखैरणे, सेक्टर पंधरा.
खाली मेडिकल, वर माझा क्लास,
सात ते साडेआठ, रोज एक शब्द.
आजचा फळ्यावर लिहिला आणि
मागच्या खुर्चीवरून कुणीतरी म्हणालं, इश्श,
हा तर येतो आम्हाला.

येतोच.
पाण्याचा इश्यू, पार्किंगचा इश्यू,
रेंजचा, पित्ताचा,
सासूचा तर बारमाही.
मी म्हटलं, अडचणीला प्रॉब्लेम हा शब्द आहे,
त्याच्या पोटावर पाय देऊ नका.
इश्यू म्हणजे ज्याला दोन बाजू असतात,
दोन माणसं दोन तोंडांनी बोलू शकतात असं काही.
नळाला पाणी नाही, याला दुसरी बाजू नसते.
घणसोलीच्या दमयंती म्हात्रे म्हणाल्या,
असते की. टँकरवाल्याची.

मग दुसरा अर्थ.
वाचनालयात पुस्तक इश्यू होतं,
बँकेत चेकबुक.
तिसरा, मासिकाचा इश्यू, म्हणजे अंक.
तन्वीर लॅबमध्ये रक्ताच्या बाटल्यांवर नावं चिकटवतो,
त्यानं वहीत लिहिलं, अंक म्हणजे नंबर.
खोडायला लावलं.
सांगितलं नाही की
अंक म्हणजे मांडीही.
जुन्या भाषेत मूल अंकावर बसतं.

चौथा अर्थ मी फळ्यावर घेतला नाही.
जागा होती.

तो मला बेलापूरला भेटला,
वारसाच्या कागदांसाठी गेले होते तेव्हा.
श्रीनिवासला जाऊन महिना झाला नव्हता.
खिडकीतला मुलगा टाइप करत होता,
मयताचे नाव, मयताची पत्नी,
मग इंग्रजीत, इश्यूज, आणि दोन ठिपके.
मान वर न करता म्हणाला, काय टाकू?
मी म्हटलं, एस काढा.
काय?
या अर्थी इश्यूला एस लागत नाही.
एक असो, पाच असोत,
सगळी मिळून इश्यूच. कायद्याचा शब्द आहे.
तो थांबला. मागची रांगही थांबली.
त्यानं बॅकस्पेस दाबलं, एकदाच.
मॅडम, टीचर का?
हो.
मग आता काय टाकू?
निल.
निललाही एस नसेल ना, तो म्हणाला,
चांगुलपणानं, वातावरण हलकं करायला,
आणि मी हसले.
खरंच हसू आलं होतं.

चोवीस वर्षं बायका मला विचारत आल्या,
हळदीकुंकवाला, लिफ्टमध्ये, जिन्यावर पिशव्या टेकवून,
वहिनी, काही इश्यू?
आणि मला कधीच कळलं नाही
त्या मूल विचारतायत की अडचण.
मूल नव्हतं.
अडचणही नव्हती. फार नव्हती.
पण एकाच शब्दात दोन्ही कोंबल्यावर
नाही म्हणायचीही पंचाईत.
श्रीनिवास म्हणायचा, सांगून टाक, नो इश्यू,
दोन्ही अर्थांनी खरं,
आणि डब्यातली शेवटची चकली मोडून
मोठा तुकडा स्वतः घ्यायचा.

शब्दाचं मूळ आहे, बाहेर पडणं.
वाशीला धारण तलाव आहे,
भरतीला झडप मिटते, ओहोटीला उघडते,
गटारांचं, गच्च्यांचं, सगळ्यांचं पाणी खाडीत जातं.
जुन्या इंग्रजीत तेही इश्यू.
आम्ही रविवारी तिथं उभे राहायचो, वास येत असूनही.
हे शिकवायला वेळ उरत नाही.

साडेआठला खुर्च्या एकात एक गेल्या.
दमयंतीबाई चपला घालता घालता मागे वळल्या.
मॅडम, आमच्या नणंदेला इश्यू नाही,
असं म्हणतात, ते बरोबर का?

व्याकरणानं बरोबर आहे.

त्यांनी पर्समधून वही काढली.
नका लिहू, मी म्हटलं,
बरोबर आहे, पण वापरायचं नाही.
त्यांनी तेवढंच लिहून घेतलं.

फळा पुसला. उद्याचा शब्द कोपऱ्यात मांडून ठेवला,
फर्निचर.
त्यालाही एस लागत नाही.