डाव्या पायाच्या चपला

माझं काम चिखलाचं.
कांपोतच्या नदीकाठी, जिथे पाय टाकाल तिथे चिखल,
तिथे मला रोज बारा डॉलर मिळायचे
चिखल करायचे.

नदीचा चिखल हीरोला चालत नसे.
कॉर्बिन वेल. वय बेचाळीस, पडद्यावर एकोणीस.
त्याच्या कातडीचा विमा होता.
म्हणून बोटीने पोत्यांतून माती यायची,
ती मी मैद्याच्या चाळणीने चाळायची,
उकळून निववलेल्या पाण्यात कालवायची,
वर कोरफडीचा गर,
आणि शेवटी कोपर बुडवून बघायचं,
तान्ह्याच्या आंघोळीचं पाणी बघतात तसं.
मग पुकारा व्हायचा.
सैनिक छत्रीखालून चालत यायचा,
मागे बर्फाची पेटी, पेटीमागे ती उचलणारा,
चिखलात हलकेच उतरायचा
आणि किंचाळायचा : मी नरकात आहे!
एकदा म्हणाला, आज नरक जरा गार आहे.
मी किटली आणली.

बाकीचे काही कमी नव्हते.
एकजण भुकेचा अनुभव यावा म्हणून
सकाळचं दुसरं ऑम्लेट सोडायचा
आणि सोडलेल्या ऑम्लेटचा फोटो काढायला माणूस होता.
दोघांचं जुंपलं : आधी कोण मरणार.
म्हणजे नंतर मरणाऱ्याला संवाद जास्त.
तीन दिवस युद्ध बंद.
आम्ही मेलेली माणसं सावलीत बसून
त्यांच्या पैशाने भात खात होतो.
सगळी सोंगं आणता येतात, पैशाचं येत नाही म्हणतात.
इथे पैसा तेवढा खरा होता.

मेलेल्याचा दर दिवसाला सात डॉलर.
ता नुमला नऊ,
कारण त्याचा डावा पाय आधीच गेलेला,
मेकअपचा खर्च वाचायचा.

दिग्दर्शक म्हणाला, सुरुंगावर पाय पडतो, हं, पड.
ता नुम पडला.
पडला म्हणजे, जवळजवळ बसलाच.
मग हाताने आजूबाजूला चाचपत राहिला,
अंधारात काडेपेटी शोधावी तसा.
कट! असं कधी कोणी पडतं का?
दुभाष्याने मान खाली घालून विचारलं.
ता नुम म्हणाला,
एकदाच पडलोय साहेब. सराव नाही.

मग बुडापेस्टहून आलेला पोरगा दोरीवर चढवला.
त्याने हवेत तीन गिरक्या घेतल्या.
सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.
ता नुमने जास्त वाजवल्या.

तर चपलांचं सांगायचं राहिलं.
कत्तलीच्या दृश्याला शंभरेक जुन्या चपला हव्या होत्या,
मालकांनी पळताना टाकलेल्या.
ता नुम घरी गेला, दोन पोती घेऊन आला.
चाळीस वर्षं तो जोडीच विकत घेत आला होता,
बाजारात एक कोण देतो?
डाव्या सगळ्या कोऱ्याच्या कोऱ्या माळ्यावर.
शेजारच्या तीन गावांतही त्याच्यासारखे पुष्कळ.
ज्यांचा उजवा गेलाय त्यांच्याकडे तो गेला नाही. का ते मला ठाऊक नाही.
एका चपलेला एक डॉलर.
मी त्या माझ्या कोमट चिखलात बुडवून जुन्या केल्या.

जाण्याआधी कॉर्बिन वेल त्याच्याजवळ बसला,
म्हणाला, मला ते सगळं सांग.
ता नुमने तोंड उघडलं
तेवढ्यात ह्याला रडू आलं,
इतकं आलं की आम्हीच त्याला पाणी दिलं, पाठ थोपटली,
ता नुम म्हणत राहिला, जाऊ दे, होतं असं, जाऊ दे.
सांगायचं ते राहूनच गेलं.

वर्षाने सिनेमा कांपोतला आला.
थेटरात माणसं मुसमुसत होती.
पडद्यावर रिकामं शेत, धूर, व्हायोलिन,
आणि जिथवर नजर जाईल तिथवर चपला.
सगळ्या डाव्या.
कॅमेरा त्यांच्यावरून सावकाश फिरला,
कोणाच्याही लक्षात आलं नाही.

ता नुमने मला कोपराने ढोसलं.
मग आम्ही जे हसलो,
जे हसलो,
की बॅटरीवाल्याने येऊन
आम्हाला बाहेर काढलं.