दुसरा ब्रेक

कोणी आडकाठी घातली नाही, हे आधीच सांगून टाकतो.
आडकाठी होती ती वर,
डोलकाठीला आडवी, सव्वीस मीटरवर,
आणि तिथं पोचायला मला पाच महिने लागले.

त्याआधी नोव्हेंबर.
हार्लिंगनच्या धक्क्यावर मोठी जहाजं ओळीनं,
शिडं उतरवलेली, उघडीबोडकी.
वय त्रेपन्न. लेवार्डनला गाडी चालवायला शिकवतो.
स्नेकच्या तळ्यावर पाच मीटरची होडी,
तिचं शीड टेबलावरच्या चादरीएवढं.
फळीवरून चढताना सगळं तोंडपाठ होतं:
गाठी येतात, वारा कळतो, शनिवारी मोकळा असतो.
डेकवरच्या बाईनं मान वर केली नाही.
"खरवडता येतं?" म्हणाली,
आणि हातात खरवडणी दिली.

मग वर पाहिलं, तेव्हा ओळखलं. विप्क्ये.
माझ्याच गाडीत तीनदा नापास झालेली,
गोल चौकात जिची नजर
आरशाऐवजी ढगांत.
आता ती इथली तांडेल.
जुनं काही काढलं नाही तिनं. फक्त गंज दाखवला.

गंजाखाली रंग, रंगाखाली त्याहून जुना रंग,
त्याखाली परत गंज.
आम्ही चौघं: एक नर्स, शाळा सोडलेला डाउवे,
आणि एक निवृत्त पोस्टमन,
जो केवळ वाटाण्याचं सूप करायला येई.
जवसाच्या तेलाचा वास घरात नको म्हणून
माझा कोट जानेवारीभर गॅरेजमध्ये टांगलेला.
प्रमाणपत्र कोणी मागितलं नाही.
एवढंच विचारत: पुढच्या शनिवारी येणार ना?

मार्चमध्ये दोर. एकशे दहा,
डोळे मिटून, हातानं ओळखायचे.
रात्री वारा फिरला की, ती म्हणाली,
नावं आठवत बसायला कोणाला वेळ नसतो.
मी चुकलो.
"पुन्हा," ती म्हणाली,
हुबेहूब माझ्या आवाजात.

एप्रिलमध्ये वर.
पोट आडकाठीवर, पायाखाली एकच दोर,
खाली डेक, आगपेटीएवढा.
आणि उजवा पाय आपोआप दाबू लागला
तो, शिकाऊ लोकांशेजारी बसून
पंचवीस वर्षं दाबत आलो तो,
दुसरा ब्रेक.
दोर खाली गेला.
त्याच दोरावरचा डाउवे हातभर वर उडाला,
शिवी देत.
"पाय टाकण्याआधी ओरडून सांगायचं, मास्तर!"
खालून तांडेल.
तेव्हापासून सांगतो. घरी जिना उतरतानाही
एकदा तोंडातून निघून गेलं.

जूनमध्ये पहिली सफर.
रात्री दोन. तेर्शेलिंगचा दीपस्तंभ मागे पडलेला,
सुकाणू माझ्या हातात,
विप्क्ये शेजारी, पेटीवर, गुडघे जवळ घेऊन.
सप्टेंबरात चौथ्यांदा परीक्षेला बसतेय, म्हणाली,
शिकवाल?
मी हो म्हणालो, आणि बोलता बोलता
होकायंत्राचा काटा दोन अंश सरकला,
मग चार.
तिला दिसत होतं.
तिचा हात हलला नाही, पायही नाही.
ती थांबून राहिली,
जे मला पंचवीस वर्षांत जमलं नव्हतं.

शीड जरासं फडफडलं.
चाक मीच फिरवलं:
एक आरा,
मग दुसरा.