साडेचार हजारांचा उजेड

कॅम्पातल्या बंदुकीच्या दुकानात
इराप्पानं काचेवर दोन डबे ठेवले.
दुर्बीण बावीस हजार. टॉर्च साडेचार.
सेंटरात एकोणीस वर्षं
शस्त्रं दुरुस्त केलेला माणूस मी,
डबा बघून भुलत नाही.

दुर्बिणीतून समोरच्या पाटीवरची
कन्नड अक्षरं पापणीशी आली,
त्यांच्याखालची खरवडलेली मराठीही.
काच चांगली. कडेला जरा निळसर.
पण जांबोटीत आमच्या उसात
रानडुक्कर वीस पावलांवर येतंय, काळोखात.
लांबचं जवळ आणून
मी करू काय?

टॉर्च घेतला. नळीखाली आवळला.
दणक्यानं हलला नाही, पावसात विझला नाही.
पैसे फिटले, म्हणालो.

मग एका रात्री, थ्री फेज आल्यावर,
बांधापलीकडं पाचट वाजलं.
बटण दाबलं.
पांढऱ्या गोलात
कल्लाप्पाची सून, हातात खोरं,
पाणी वळवत होती.
डोळ्यांवर आडवा हात: "यार्री?"

माझं बोट चापावर नव्हतं.
नव्हतंच.
पण उजेड जिथं, तिथंच नळी.
हे डब्यावर कुठं छापलंय?

"मी गं. डुकराला आलोय."
"डुकराला काय बत्ती दाखवून बोलावतासा?"
ती हसली. मी नाही.

सकाळी पाना घेऊन टॉर्च सोडवला.
आता तो डाव्या हातात,
उजव्या खांद्याला बंदूक,
आंधळी, खाली तोंड केलेली.

इराप्पा विचारतोय, कसा काय माल?
उत्तम, म्हणतो.
फक्त सुटाच विक.