मामाची गोष्ट

आमच्या बेटावर फसवणुकीला म्हणतात
मामाची गोष्ट.
कुणाचा मामा, कुठला, कुणी विचारत नाही.
फोन वाजतो: ओळख पाहू, कोण बोलतंय?
आणि बाई स्वतःच नाव पुरवते,
"अरे, लिसांद्रो! घसा बसलाय का तुझा?"
झालं. कडी तिनंच काढली.
चोरानं फक्त पायपुसणं वापरायचं.

कास्त्रोच्या रात्रशाळेत, बुधवारी,
मी हे फळ्यावर लिहीत होते.
खाली भरतीचं पाणी लाकडी खांबांना धडकत होतं.
एकवीस मुलं, निम्मी सॅमनच्या कारखान्यातून थेट आलेली,
बोटं बर्फानं सुजलेली.
पासवर्ड लांब असावा, हे त्यांनी वहीत उतरवलं
आणि जांभया दिल्या.

म्हटलं, करूनच बघू.
मिल्याराय, खाली फोन लाव.
शाळेचा पासवर्ड माग. पाच मिनिटं देते.

दोनही लागली नाहीत तिला.
धमकी नाही, साहेबाचं नाव नाही.
एवढंच म्हणाली: एर्मोखेनेस,
वर हीटर बंद पडलाय, बाई खोकतायत,
तक्रार नोंदवायला तो शब्द लागतो म्हणे.

फोन मोठ्या आवाजावर होता.
म्हाताऱ्यानं एकेक अक्षर सावकाश सांगितलं,
तिला लिहून घेता यावं म्हणून.
ला पोर्फियादा. त्याच्या होडीचं नाव.
मग ती बुडाली ते साल.

वर्ग हसला. मीही हसले,
हे लपवून काय करू?
धडा इतका नेमका बसला होता.

मग जिना करकरला.
दारात एर्मोखेनेस, काखेत
स्वतःच्या खोलीतला हीटर, वायर मागे फरफटत,
दुसऱ्या हातात किटली.
"खोकला कसा आहे, बाई?"

केसानं गळा कापतात म्हणतात,
तो केस त्या क्षणी माझ्या बोटांत होता.
मिल्याराय उभी राहिली. तिनंच सांगितलं सगळं,
खाली बघत, मध्ये मध्ये अडखळत.

तो ऐकत राहिला. किटली ठेवायला
जागा शोधत होता बहुतेक.
"मग पुढच्या वेळी काय करू?
पोरांना गारठू देऊ?"

नाही, म्हटलं. फोन ठेवा.
जिना चढा. बघा, कोण गारठलंय.
मग काय द्यायचं ते द्या.

"चढलोच की," तो म्हणाला.
"फक्त आधी बोललो,
मग चढलो."

फळ्यावरचं सगळं पुसून
मी एवढंच लिहिलं.
वहीत कुणी उतरवलं नाही,
त्या रात्री चहा जास्त महत्त्वाचा होता.

आता शाळेचा पासवर्ड नवा आहे.
तो होडीचा नाही, एवढंच कळलंय.
मिल्यारायनं पुन्हा एकदा प्रयत्न केला,
धुरावलेल्या शिंपल्यांची माळ घेऊन गेली त्याच्याकडे,
गोड बोलली, आजीची आठवण काढली.

शिंपल्या त्यानं सगळ्या खाल्ल्या.