पाण्यात तेल

चल्लापाताच्या अलीकडे काटा लाल पट्टीत शिरला
आणि मी इंजिन बंद केलं.
मागे अठ्ठावीस टन मीठ, पुढे ओरूरो,
मध्ये नुसता वारा.

टाकीचं झाकण उघडलं तर
कूलंटवर तपकिरी साय धरलेली,
बोटाला लागली ती सुटेना.
मालकाला फोन केला. तो कोचाबांबात जेवत होता.
"हेड गॅस्केट," घास न थांबवता म्हणाला,
"इंजिन उघडायला सांग."

नेमेसिया काल्लिसायाने काहीच उघडलं नाही.
आधी विचारलं : चढावर की उतारावर?
धूर पांढरा होता का? पाणी किती दिवस घालतोयस?
मी खोटं सांगितलं. तिने पुन्हा विचारलं.
मग मोजपट्टी काढली, पुसली, बुडवली, नाकाशी नेली.
"तेलात पाणी नाही. पाण्यात तेल आहे.
ही दोन दुखणी वेगळी."

इंजिन चालू ठेवून ती टाकीत बघत राहिली,
दहा मिनिटं, घोंगडी डोक्यावरून घेऊन.
एक बुडबुडा नाही.
"हेड गेलं असतं तर इथे गॅस उसळला असता.
चालत्या इंजिनात तेलाचा जोर पाण्याहून जास्त.
मधली भिंत कुठेतरी हललीय."

म्हणजे वड्याचं तेल वांग्यावर,
गुन्हा कूलरचा, आणि आळ बिचाऱ्या हेडवर.

संध्याकाळपर्यंत फिल्टर, नळ्या, झाकण खाली.
तिचा भाचा विल्मेर प्रत्येक बोल्ट
अंड्यांच्या ट्रेमध्ये ठेवी, खाली आकडा लिही.
एक सात त्याने उलटा लिहिला होता.
कूलरची तोंडं बंद करून हवा भरली आणि तो बुडवला
निळ्या टबात, सकाळी ज्यात बटाटे धुतले होते.
आधी काहीच नाही.
मग डाव्या कोपऱ्यातून मोहरीएवढा एक.
थांबून, दुसरा.
आम्ही तिघेही गप्प.

गाभा शाबूत. सील गेलेलं.
रबराची जी रिंग गोल असायची, ती चौकोनी झाली होती,
नख रुतवलं तर खूण तशीच राहिली.
अकरा वर्षं मी ही गाडी हाकतोय
आणि हिच्या पोटात असं काही आहे
हे मला ठाऊकच नव्हतं.

नवी सीलं ला पाझहून रात्रीच्या बसने आली,
ड्रायव्हरच्या खिशातल्या पाकिटात.
चार रिंगा. पाकीटच त्यांच्याहून जड.
एवढ्यासाठी अठ्ठावीस टन उभं.

फोन पुन्हा वाजला : "उघडलं का हेड?"
तिने हात पुसला, फोन घेतला,
"त्यात बघण्यासारखं काही नाही," म्हणाली
आणि मला परत दिला.

जुनं गॅस्केट तिने लाकडाच्या चिपेने खरवडलं.
पातं लावू दिलं नाही :
"ॲल्युमिनियमवर ओरखडा म्हणजे तेलाला नवी वाट."
रिंगांना बोटाने तेल चोळलं,
कोरडी बसवली तर पिळवटते म्हणे.
बोल्ट मधून बाहेर, आलटून पालटून, दोन फेऱ्यांत.
विल्मेरने एक जास्तच आवळला,
तिने त्याच्या मनगटावर हलकेच पाना टेकवला.
तो समजला. मला उशिरा समजलं.

मग धुणं. भांड्यांचा साबण, गरम पाणी,
इथे ते सत्त्याऐंशीलाच उकळतं,
म्हणून इंजिन जपून तापवायचं.
पहिलं पाणी कॉफीसारखं, तिसरं चहासारखं,
पाचव्यावरही इंद्रधनुष्याचा कडा.
सहाव्याला तिनेच नळ बंद केला.
"थोडं राहतंच. गुरुवारी परत येशील तेव्हा दाखव."

ओरूरोच्या वजनकाट्यावर, इंजिन निवू देऊन, झाकण उघडलं.
मसुराएवढा एक थेंब तरंगत होता.
जुना की नवा, मला ओळखता येईना.
मी झाकण लावलं.

ती चौकोनी रिंग शर्टाच्या खिशात आहे.
कोचाबांबाला पोचलो की
मालकाच्या ताटाशेजारी ठेवीन.